आईचं बीपी, बाळाचं रक्त

रिपोर्टवर लिहिलंय: ग्लुकोज २.४. तुम्ही फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकता आणि दहा मिनिटांत पुण्याहून आत्याचा फोन येतो, ‘अरे, साखर दोन? साठ-सत्तर तरी हवी ना!’ आत्याची काळजी खरी आहे, पण तिचं माप वेगळं आहे. यूएईतल्या बऱ्याच लॅब रक्तातली साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये छापतात. भारतात मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर चालतं. २.४ ला १८ ने गुणलं की साधारण ४३ येतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत ४३ म्हणजे ‘दूध पाजा, लक्ष ठेवा, पुन्हा तपासा’. कमी आहे, पण आत्याला वाटलं तसं भयंकर नाही.

प्रीएक्लॅम्पसियावरच्या एपिसोडमध्ये आमचा सगळा वेळ आईवर गेला. बीपी किती, लघवीत प्रोटीन किती, बाळंतपण कधी करायचं, हेच. नंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पडू शकेल असा प्रश्न तसाच राहिला: आईचं बीपी वाढलं होतं, मग बाळाच्या टाचेतून दर तीन तासांनी रक्त का काढतायत? बाळाला काय झालंय? तुम्ही अबुधाबीच्या कॉर्निश हॉस्पिटलमध्ये असा, दुबईच्या लतीफामध्ये (जुनी मंडळी त्याला अजून अल वस्लच म्हणतात) किंवा शारजातल्या एखाद्या खासगी दवाखान्यात, एनआयसीयूच्या काचेबाहेर उभं राहून हाच प्रश्न पडतो. सोबत सासू किंवा आई असलीच तर व्हिजिट व्हिसावर आलेली असते आणि तिलाही उत्तर हवं असतं.

आधी आजार थोडक्यात. गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं आणि सोबत लघवीतून प्रोटीन जायला लागलं, किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट, मेंदू यांच्यावर परिणाम दिसू लागला, तर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. जगभरात १०० गर्भवतींपैकी साधारण २ ते ८ जणींना तो होतो. एक्लॅम्पसिया म्हणजे याच आजारात येणारी आकडी. हा शब्द ग्रीक आहे, अर्थ वीज चमकणं. ज्यांनी ती आकडी पाहिली आहे त्यांना तो शब्द पटतो.

बीपी वरून दिसतं, पण गडबड वारेत असते. वार गर्भाशयात रुजते तेव्हा तिच्या पेशी आईच्या गर्भाशयाच्या वळणदार धमन्यांमध्ये शिरून त्या रुंद, सैल करतात, म्हणजे बारीक नळाचा कालवा होतो. प्रीएक्लॅम्पसियात, विशेषतः लवकर सुरू होणाऱ्या प्रकारात, हे काम अर्धवट राहतं. रक्त कमी आणि धक्क्याधक्क्याने येतं, वारेची उपासमार होते आणि ती आईच्या रक्तात काही पदार्थ सोडते. त्यातलं एक प्रथिन, एसफ्लिट-वन, रक्तवाहिन्यांना निरोगी ठेवणारे संदेश वाटेतच गिळून टाकतं. मग आईच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या बिथरतात आणि बीपी चढतं.

इथे एक गोष्ट नीट वाचा, आणि घरात कुणी ‘तिने फार टेन्शन घेतलं’, ‘ऑफिस सोडलं नाही’, ‘खारट खात होती’ असं म्हणत असेल तर त्यांनाही वाचून दाखवा. धमन्या रुंद करण्याचं हे काम गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात होतं. त्यातला बराचसा भाग पोट दिसायच्या आधीच होऊन गेलेला असतो. सातव्या महिन्यात कुणी लोणचं खाल्लं म्हणून ते बिघडत नाही.

आता बाळ. त्याला मिळणारा ऑक्सिजन, साखर, कॅल्शियम, सगळं या वारेतूनच येतं. पुरवठा आठवडेच्या आठवडे कमी पडला तर बाळ जमेल तसं भागवतं, आणि जन्मानंतरचे रिपोर्ट म्हणजे त्या काटकसरीचा हिशेब असतो.

पहिला कागद बहुतेक वेळा नाळेच्या रक्ताचा असतो. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. धमनीतलं रक्त बाळाकडून वारेकडे जाणारं, म्हणून बाळाची खरी स्थिती तेच सांगतं. त्याचा पीएच साधारण ७.२ ते ७.३ असतो. ऑक्सिजन कमी पडला की पेशी लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पीएच उतरतो. ७.० च्या खाली गेला तर डॉक्टर गंभीर होतात. ७.१५ वगैरे दिसला आणि बाळ रडतंय, गुलाबी आहे, तर ते बाळंतपणाच्या शेवटच्या काही मिनिटांचं प्रतिबिंब असू शकतं. हा एकच आकडा धरून बाळाच्या बुद्धीचं भविष्य काढू नका. तो त्यासाठी नसतोच.

दुसरा कागद सीबीसी. त्यात एकाच वेळी तीन विचित्र गोष्टी दिसू शकतात आणि तिघींचं मूळ एक आहे.

ऑक्सिजन कमी असला की शरीर एरिथ्रोपोएटिन नावाचा हार्मोन वाढवतं आणि लाल पेशी जास्त बनतात. लेहला महिनाभर राहिलात तर तुमचंही हेच होईल. पोटातलं बाळ जणू अनेक आठवडे लेहला राहून आलेलं असतं. म्हणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, वाढतो. शिरेतल्या रक्तात तो ६५ टक्क्यांच्या वर गेला की रक्त घट्ट मानतात. काही लॅब ६६ टक्के न लिहिता ०.६६ छापतात, हेही लक्षात असू द्या. टाचेतून काढलेल्या रक्तात हा आकडा खोटाच जास्त येतो, म्हणून डॉक्टर शिरेतून पुन्हा रक्त घेतात. ‘एकदा घेतलं ना, परत कशाला टोचता?’ म्हणून सिस्टरशी भांडू नका. हे दुसरं टोचणं अनेकदा बाळाला नको त्या उपचारातून वाचवतं.

लाल पेशी बनवण्यात अस्थिमज्जा गुंतली की बाकीच्यांकडे दुर्लक्ष होतं. प्लेटलेट कमी पडतात, दीड लाखाच्या खाली जातात, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सगळ्यात खाली असतात आणि बहुतेक बाळांमध्ये आठ-दहा दिवसांत आपोआप सावरतात. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिलही कमी होतात, आणि त्यामागे वारेतून येणारा एक दाबून ठेवणारा घटकही असतो असं मानलं जातं. हे साधारण दोन-तीन दिवसांत सुधारतं. अडचण अशी की न्यूट्रोफिल कमी असणं हे जंतुसंसर्गाचंही लक्षण आहे. दोन्हींतला फरक पहिल्या दिवशी सांगता येत नाही, म्हणून कल्चर पाठवून दीड-दोन दिवस अँटिबायोटिक देतात आणि कल्चर कोरं आलं की थांबवतात. पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळात यातलं काहीच दिसणार नाही, हेही सांगायला हवं. हे सगळं जास्त करून दिसतं ते दिवसांआधी जन्मलेल्या किंवा पोटात वाढ खुंटलेल्या बाळांत.

या जादा लाल पेशी जन्मानंतर फुटतात आणि त्यातून बिलिरुबिन तयार होतं. म्हणून तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कावीळ. इथेही मापाचा घोळ: रिपोर्टवर २०५ दिसलं तर १७.१ ने भागा, १२ आले. (एक आडवाट: आजीने गावाहून आणलेली दुपटी ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेली असतील तर ती बाळाला तशीच गुंडाळू नका. जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्या बाळांत त्या वासानेसुद्धा लाल पेशी फुटतात, आणि ही कमतरता आखातातही आहे आणि आपल्याकडेही.)

आता साखरेकडे परत येऊ. यकृतातला साखरेचा साठा बाळ शेवटच्या तीन महिन्यांत भरतं. पुरवठाच अपुरा असेल तर साठा भरत नाही. नाळ कापली की पुरवठा शून्य, आणि साठा दोन-चार तासांत संपतो. त्यात घट्ट रक्तातल्या जादा पेशी साखर खातात. आणि आईला बीपीसाठी लॅबेटालॉल दिलं असेल तर ते वारेतून बाळात जातं. त्याने साखर आणखी उतरू शकते, हृदयाचे ठोके मंदावू शकतात. म्हणून दर तीन तासांची टाच.

किती साखर ‘कमी’ म्हणायची यावर डॉक्टरांचं एकमत नाही, आणि हे मोकळेपणाने मान्य करण्यात काही कमीपणा नाही. वर्षानुवर्षं २.६ मिलिमोल, म्हणजे ४७ मिलिग्रॅम, ही रेघ वापरली गेली. नेदरलँड्समध्ये एका चाचणीत ३५ आठवड्यांनंतर जन्मलेल्या, जोखमीच्या पण ठीकठाक बाळांमध्ये २.६ आणि २.० अशा दोन रेघांची तुलना केली. २०२० मध्ये निकाल आला: दीड वर्षाच्या वयात मुलांच्या वाढीत फरक नव्हता. त्यामुळे एका हॉस्पिटलने जे चालवून घेतलं त्यावर दुसऱ्याने उपचार केले तर कुणी चुकलंच असं नाही. उपचारही बहुतेकदा साधा असतो: लवकर दूध, आणि गालाच्या आतून चोळायची ४० टक्के डेक्स्ट्रोजची जेल. ही जेल न्यूझीलंडच्या २०१३ च्या चाचणीनंतर जगभर पसरली. मात्र ‘साखर कमी आहे तर मधाचं बोट लावा’ हा फोनवरचा सल्ला ठामपणे नाकारा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम होऊ शकतो. आजीला वाईट वाटेल, वाटू द्या.

कॅल्शियमची गोष्ट यूएईत जरा वेगळी वळते. दिवसांआधी जन्मलेल्या बाळात कॅल्शियम तसंही कमी असतं, कारण हाडांचा साठाही शेवटच्या तिमाहीतच भरतो. त्यात आईला ड जीवनसत्त्व कमी असेल तर आणखी. आणि वर्षभर ऊन असलेल्या या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आहे, कारण आपण एसीतून गाडीत आणि गाडीतून एसीत जगतो. बाळ थरथरत असेल तर साखरेसोबत कॅल्शियमही का तपासतात ते आता कळेल. रिपोर्टवरच्या मिलिमोलला ४ ने गुणलं की भारतातलं माप मिळतं.

क्रिएटिनिनबद्दल एकच गोष्ट. पहिल्या दिवशी बाळाचं क्रिएटिनिन ८० दिसलं म्हणून त्याची किडनी खराब म्हणू नका. त्या दिवशीचा आकडा बराचसा आईचा असतो, वारेतून आलेला. प्रीएक्लॅम्पसियात आईचं क्रिएटिनिन वाढलेलं असू शकतं, मग बाळाचंही वाढलेलंच दिसणार.

आणि मॅग्नेशियम. माझ्या मते या सगळ्या आजारातलं सगळ्यात रंजक रसायन हेच. मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे केमिस्टकडे पाय शेकायला मिळतं ते एप्सम सॉल्ट, अर्थात शिरेतून द्यायचं ते शुद्ध केलेलं. आकडी टाळायला ते अनेक वर्षं वापरात होतं, पण खात्रीचा पुरावा २००२ च्या मॅगपाय चाचणीने दिला. ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त स्त्रिया त्यात होत्या, आणि मॅग्नेशियम मिळालेल्यांमध्ये आकडीचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. इतकं स्वस्त आणि इतकं कामाचं औषध प्रसूतिशास्त्रात क्वचितच सापडेल.

ते वारेतून सरळ बाळात जातं. त्यामुळे बाळाच्या रक्तातली पातळी आईच्या जवळपास असते, म्हणजे नेहमीच्या दुप्पट-तिप्पट. मॅग्नेशियम स्नायूंना शांत करतं, म्हणून असं बाळ मऊ, सुस्त असतं, ओढून दूध पीत नाही, पहिली काळी शी उशिरा करतं, कधी श्वासालाही मदत लागते. किडनी ते एक-दोन दिवसांत, कधी जरा जास्त वेळात, बाहेर टाकते. बाळ ‘ओढत नाही’ म्हणून बाळंतीण रडत असेल तर तिला हे सांगा: दूध कमी नाही, बाळाचा रुसवा नाही, मॅग्नेशियम उतरायचंय. आणि तेच मॅग्नेशियम ३२ आठवड्यांच्या आत जन्मणाऱ्या बाळाच्या मेंदूचं रक्षणही करतं, सेरेब्रल पाल्सीची जोखीम कमी करतं. म्हणून मॅग्नेशियम दिलं याचा राग धरू नका. फक्त आईला शेवटचा डोस किती वाजता मिळाला ते बाळाच्या डॉक्टरांना माहीत आहे ना, एवढं विचारा. आई एका मजल्यावर आणि बाळ दुसऱ्या मजल्यावर असेल तर अशी माहिती वाटेत हरवते.

एक फोन येऊ शकतो, त्याबद्दल आधीच सांगून ठेवतो. यूएईत १९९५ पासून नवजात बाळांची राष्ट्रीय तपासणी आहे. फेनिलकीटोन्युरियापासून सुरुवात झाली, पुढे थायरॉइड, सिकलसेल, अॅड्रिनल ग्रंथींचा एक जन्मजात आजार अशी भर पडत गेली. टाचेचे थेंब जाड कागदावर घेतात, तीच ही. अॅड्रिनलच्या आजारासाठी १७-ओएचपी नावाचा हार्मोन मोजतात. दिवसांआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या किंवा ताणातून गेलेल्या बाळात तो आजार नसतानाही जास्त येतो. थायरॉइडचे आकडेही अशा बाळात सुरुवातीला फसवे असतात, आणि शिरेतून पोषण चालू असेल तर अमिनो आम्लं वाढलेली दिसतात. म्हणजे प्रीएक्लॅम्पसियामुळे ३१ व्या आठवड्यात जन्मलेल्या तुमच्या बाळासाठी ‘टेस्ट रिपीट करायची आहे’ असा फोन येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. घाबरू नका, पण टाळूही नका. ‘तसंही खोटंच असेल’ म्हणून न जाणं ही एकमेव चूक इथे महागात पडते, कारण खरा आजार असेल तर दिवस मोजावे लागतात.

हे सगळं ज्ञान लंडन-बोस्टनहून आलं असं वाटत असेल तर थोडं नागपूरकडे बघा. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालयात, म्हणजे अगदी सरकारी, गर्दीच्या वॉर्डांत, दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि दोन्ही ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. २०१७ ची, ६०२ स्त्रियांची: बीपीमुळे कळा सुरू करायच्या तर गर्भाशयात फोलीचा फुगा घालायचा की मिसोप्रोस्टॉलची गोळी द्यायची? गोळी सरस ठरली. २०१९ ची, ८९४ स्त्रियांची: बीपी १६०/११० पर्यंत गेलं आणि शिरेतून औषध द्यायची सोय नसली तर निफेडिपिन, लॅबेटालॉल, मिथिलडोपा यांच्यातली कोणती गोळी चालेल? तिन्हींनी बहुतेकींचं बीपी सहा तासांत आटोक्यात आणलं. निफेडिपिन थोडं पुढे होतं, ८४ टक्के. आज जगात कुठेही सलाइनची सोय नसलेल्या केंद्रात गोळी दिली जाते तेव्हा त्यामागे नागपूरच्या या बायकांचा हातभार आहे.

पुण्यात, भारती विद्यापीठाच्या इंटरॅक्टिव्ह रिसर्च स्कूल फॉर हेल्थ अफेअर्समध्ये, साधना जोशी यांच्या गटाने आईचं रक्त, नाळेचं रक्त आणि वार यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. प्रीएक्लॅम्पसियात डीएचए हे मेंदूच्या वाढीला लागणारं ओमेगा-३ आम्ल कमी आणि ऑक्सिडेटिव्ह ताण जास्त, हे त्यांनी दाखवलं. पुढचा विचार तुमच्या मनात आलाच असेल: मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतल्या तर? ते ब्रिटनमध्ये करून पाहिलं गेलं. क आणि ई जीवनसत्त्वांचे मोठे डोस दिले. २००६ मध्ये निकाल आला: आजार टळला नाही, उलट कमी वजनाची बाळं जास्त जन्मली. रक्तात एखादी गोष्ट कमी दिसणं आणि ती गोळीतून देऊन आजार बरा होणं यांत बरंच अंतर असतं. सुपरमार्केटच्या सप्लिमेंटच्या रॅकपुढे उभे असाल तेव्हा हे आठवा.

थोडं कायद्याचं. यूएईच्या खासगी क्षेत्रात २०२२ पासून बाळंतपणाची रजा ६० दिवस आहे, त्यातले ४५ पूर्ण पगारी आणि १५ अर्ध्या. बाळ आजारी असेल आणि त्याला सतत सोबत लागत असेल तर वैद्यकीय दाखल्यावर आणखी ३० दिवस पगारी आणि नंतर ३० बिनपगारी मिळू शकतात. डीआयएफसीसारख्या काही झोनचे नियम वेगळे आहेत. एचआर आपणहून सांगेल याची वाट पाहू नका; एनआयसीयूकडून दाखला मागून घ्या.

राहिली आई. बाळाच्या आकड्यांत सगळे इतके अडकतात की तिचं बीपी मोजायचं राहून जातं. आणि बाळंतपणानंतर बीपी लगेच उतरत नाही, तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास ते पुन्हा चढतं, म्हणजे नेमकं घरी आल्यावर. आकडी तेव्हाही येऊ शकते. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, यातलं काही झालं तर अळिवाची खीर बाजूला ठेवा आणि हॉस्पिटल गाठा. घरी मनगटाचं नको, दंडाचं बीपी मशीन घ्या. पुढे आयुष्यभर तिला हृदयविकाराची जोखीम साधारण दुप्पट असते, म्हणून दरवर्षी बीपी आणि साखर तपासायची. मुलाचं बीपीही मोठेपणी सरासरी दोन-अडीच अंकांनी जास्त असतं, एवढं त्याच्या डॉक्टरांना सांगितलं की पुरे.

पुन्हा दिवस राहिले तर मात्र पहिल्याच भेटीत मागच्या वेळचा प्रीएक्लॅम्पसिया सांगा. विचारतील याची वाट बघू नका. नवं हॉस्पिटल, नवी इन्शुरन्स कंपनी, जुनी फाइल कुठेतरी दुसऱ्याच अमिरातीत. २०१७ च्या अॅस्प्रे चाचणीत जास्त जोखमीच्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिलं, तेव्हा दिवसांआधी बाळंतपण करावं लागणारा प्रीएक्लॅम्पसिया ६२ टक्क्यांनी घटला. १६ आठवड्यांनंतर सुरू केलं तर फायदा कमी. म्हणजे भारतात जाऊन दाखवू, सुट्टीत बघू, असं म्हणायला वेळ नाही; तिसरा महिना संपायच्या आत डॉक्टरांना अॅस्पिरिनबद्दल विचारायचं.